पूलवरचा तो ‘क्लोरीनचा वास’ आणि माझा दोन वर्षांचा खोकला

शिट्टीवाला

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

मी पोहण्याच्या बंदिस्त तलावावर (इनडोअर स्विमिंग पूल) जीवरक्षक आहे, नववं वर्ष चालू आहे. सकाळी तीन तास लहान मुलांच्या बॅचेस, मग खुर्चीवर ड्युटी. दोन वर्षांपासून खोकला लागलाय. कफ नाही, ताप नाही, नुसती कोरडी ढास. शिफ्ट सुरू होऊन दोन-अडीच तास झाले की घसा खवखवायला लागतो, डोळे चुरचुरतात, आणि संध्याकाळी जिना चढताना छातीत कुणी पट्टा आवळल्यासारखं होतं. घरी रात्री खोकून खोकून बायकोची झोप उडवतो ती वेगळीच.

आता गंमत ऐका. गेल्या महिन्यात घरातल्या लग्नासाठी दहा दिवस रजा घेतली. चौथ्या दिवसापासून खोकला गायब. लग्नाची धावपळ, धूळ, धूर, जागरण सगळं झालं, तरी गायब. कामावर परतलो आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा ढास चालू.

दोन डॉक्टर झाले. दोघांनी ॲलर्जीचं औषध दिलं. घरात मांजर आहे का, गाद्या उन्हात टाकता का, सगळं विचारलं. काम काय करता, हे एकानेही विचारलं नाही. मॅनेजर म्हणतात, पाण्याचा रिपोर्ट एकदम ओके आहे, तुझंच काहीतरी असेल.

या लाइनमधलं कुणी आहे का इथे? हे क्लोरीनमुळे होतं का? आणि पाणी ओके असेल तर मग मला काय होतंय?

---

निळी_फरशी

डोळ्यांना +१. मला वाटायचं रात्रपाळीमुळे लाल होतात. वाचतेय.

---

पंपरूम

शिट्टीवालेभाऊ, तुमचा प्रश्न बरोबर आहे, फक्त आरोपी चुकलाय. मी प्लांट रूमवाला, तुमच्या पायाखालच्या तळघरातला माणूस. फिल्टर, डोसिंग, बॅकवॉश यातच आयुष्य गेलं.

ज्याला सगळे ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो निव्वळ क्लोरीनचा नसतो. क्लोरीन पाण्यात पडला की घाम, लघवी, त्वचेचा मळ यांच्याशी त्याची गाठ पडते. घामात आणि लघवीत युरिया, अमोनिया असतो. त्यातून क्लोरामाइन तयार होतात, तीन प्रकारची: मोनो, डाय आणि ट्राय. मोनो बऱ्यापैकी पाण्यातच राहतं. ट्रायक्लोरामाइन मात्र पाण्यात टिकत नाही, वर हवेत येतं. नाकात जातो, डोळे झोंबतात, तो हाच प्रकार. म्हणजे वास फार येतोय याचा अर्थ क्लोरीन भरपूर टाकलाय असा नाही, क्लोरीनला काम फार पडलंय असा आहे.

आता ‘रिपोर्ट ओके’बद्दल. रिपोर्टमध्ये कोणता आकडा लिहितात ते बघा. क्लोरीन दोन तऱ्हेने मोजावा लागतो, मुक्त आणि एकूण. डीपीडीची (पाणी गुलाबी करणारं तपासणीचं रसायन) एक नंबरची गोळी टाकली की मुक्त क्लोरीन कळतो, त्याच नळीत तीन नंबरची टाकली की एकूण. एकूणमधून मुक्त वजा केला की उरतो तो बांधलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन. खरा आकडा हा. अमेरिकेच्या सीडीसीची (तिथली सरकारी आरोग्य संस्था) शिफारस आहे की तो ०.४ पीपीएमच्या (दहा लाखांत इतके भाग) वर जाऊ नये.

पण कित्येक ठिकाणी अजून ते पिवळं होणारं ओटीओचं (थेंबाच्या रसायनाचं जुनं) किट वापरतात. दोन थेंब टाकले, पिवळं झालं, लिहा ओके. ते किट फक्त एकूण दाखवतं! दोन पीपीएम एकूण दिसतोय, पण त्यातला दीड पीपीएम क्लोरामाइन असला तरी वहीत ‘२.०, ओके’ असंच लिहिलं जाणार.

आणि एक खोड डीपीडीचीसुद्धा आहे. क्लोरीन फारच जास्त झाला तर गुलाबी रंग येतो न येतो तोच उडून जातो आणि पाणी पांढरंफटक दिसतं. नवीन पोरगा म्हणतो, ‘काका, क्लोरीन शून्य आहे’, आणि अजून दोन किलो ओततो. शंका आली की नमुन्यात साधं पाणी मिसळून पुन्हा मोजायचं.

---

काठावरची

बापरे. मी रोज पोहणारी, आणि आजवर उलटच समजत होते. वास आला की वाटायचं, वा, आज पाणी स्वच्छ आहे!

पोहायच्या आधी शॉवर घ्या अशी पाटी असते ती यासाठीच का? खरं सांगायचं तर मी पाय ओले करून सरळ उडी मारते.

---

पंपरूम

@काठावरची, ती पाटी तुमच्या वरच्या खुर्चीतल्या माणसासाठी आहे असं समजा. एक मिनिट नीट अंग धुतलं तरी घाम-मळ बराच उतरतो. आणि पाण्यात लघवी करू नका हे मोठ्या माणसांनाही सांगावं लागतं. हसू नका, लागतं.

---

छातीठोक

मी श्वसनविकारांचा डॉक्टर आहे. इथे कुणाचं निदान करणार नाही, करूही नये. पण शिट्टीवाले यांनी जे लिहिलंय ते कुठल्याही छातीच्या डॉक्टरच्या कानात घंटा वाजवणारं आहे. कामाच्या दिवशी वाढतं, रजेत कमी होतं, परतल्यावर पुन्हा येतं. कामामुळे होणाऱ्या दम्याची ही जुनी खूण आहे. सर्दी-ॲलर्जीला तुमच्या रजेचं वेळापत्रक माहीत नसतं.

ट्रायक्लोरामाइनबद्दल अभ्यास झालेले आहेत. फ्रान्समध्ये ६३ तलावांवरच्या ३३४ जीवरक्षकांचा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. हवेतलं क्लोरामाइन जितकं जास्त, तितक्या डोळे, नाक, घसा यांच्या तक्रारी जास्त, असं त्यात दिसलं. कायमच्या श्वसनविकाराशी थेट संबंध मात्र त्या अभ्यासात सापडला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. मग २००२ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी तीन कामगारांची हकीकत छापली, दोन जीवरक्षक आणि एक पोहण्याचे शिक्षक. पीक फ्लोच्या (जोरात फुंकलेल्या श्वासाचा वेग) नोंदी आणि मोजून दिलेला क्लोरामाइनचा संपर्क अशा चाचण्या करून तिथे कामामुळे झालेल्या दम्याचं निदान झालं. म्हणजे बहुतेकांना नुसती चुरचुर, पण काहींना खरोखरचा दमा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या तलावांविषयीच्या मार्गदर्शिकेत हवेतल्या ट्रायक्लोरामाइनसाठी दर घनमीटरला ०.५ मिलिग्रॅम ही तात्पुरती मर्यादा सुचवली आहे. फ्रान्समध्ये नंतर ०.३ ची शिफारस झाली. गोची अशी की पाणी दिवसातून चारदा मोजतात, हवा वर्षातून एकदाही नाही. त्यामुळे मॅनेजर खोटं बोलत नसतील. ते फक्त पाण्याबद्दल बोलतायत आणि तुम्ही हवेबद्दल विचारताय.

शिट्टीवाले, तुम्ही दोन गोष्टी करा.

पीक फ्लो मीटर घ्या, साधं प्लॅस्टिकचं नळकांडं असतं. दिवसातून किमान चार वेळा, प्रत्येक वेळी तीन फुंकरा, त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहायचा. किमान तीन-चार आठवडे, आणि त्यात कामाचे व सुट्टीचे दोन्ही दिवस यायला हवेत. कोणत्या दिवशी किती तास पूलवर होतात, हे शेजारच्या रकान्यात. आणि पुढच्या वेळी डॉक्टरकडे गेलात की पहिलं वाक्य ‘मी बंदिस्त तलावावर काम करतो’ हेच असू द्या. खोकला दुसऱ्या वाक्यात.

तोवर कुणाचं पंप-औषध उसनं घेऊ नका, आणि चालू असलेलं मनाने बंदही करू नका.

---

जुना_गडी

एक शंका. पहिली सहा-सात वर्षं काही झालं नाही, आणि मग अचानक? आम्ही तर वीस वर्षं पूलवर काढली, हाताने पावडर कालवली, काही झालं नाही. आताच्या पोरांना एसीची सवय, दुसरं काय.

---

छातीठोक

@जुना_गडी, कामामुळे होणारा दमा पहिल्या दिवशी येत नाही हेच तर त्याचं वैशिष्ट्य. महिने जातात, कधी वर्षं जातात. आणि ज्यांना सहन झालं नाही ते काम सोडून गेलेले असतात. वीस वर्षांनी तिथे उरतात ते तुमच्यासारखे ठणठणीत. मग वाटतं, कुणालाच काही होत नाही.

अजून एक. नाक फसवतं. हॉलमध्ये शिरल्यावर भपकन येणारा वास अर्ध्या तासात जाणवेनासा होतो. वायू तिथेच असतो, नाकाने दखल घेणं सोडलेलं असतं. तुमच्या हॉलमध्ये वास आहे का हे कर्मचाऱ्याला विचारू नये, नुकत्याच आत आलेल्या माणसाला विचारावं.

---

जुना_गडी

खोकला माझाही होता म्हणा. आम्ही त्याला ‘पूलचा घसा’ म्हणायचो. सगळ्यांनाच असायचा, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

---

वाराशोध

एचव्हीएसी, म्हणजे इमारतींची हवा खेळती आणि गरम-गार ठेवण्याची यंत्रणा, हा माझा धंदा आहे, त्यामुळे राहवत नाही.

बंदिस्त तलावाची हवा तापवायला आणि कोरडी ठेवायला वीज भयंकर लागते. हवेचं तापमान पाण्यापेक्षा एक-दोन अंश जास्त आणि आर्द्रता ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, नाहीतर पाणी उडत राहतं आणि भिंती घामेजतात. बाहेरची ताजी हवा आत घेतली की ती पुन्हा तापवावी लागते. मग बिल वाढलं की कुणीतरी शहाणा ताज्या हवेचा डँपर (हवा आत सोडणारी झडप) थोडा बंद करतो. मग अजून थोडा. तीच हवा गोल गोल फिरत राहते. आर्द्रता यंत्राने काढून टाकली जाते, म्हणून हॉल कोंदट वाटत नाही. पण डीह्युमिडिफायर पाणी काढतो, ट्रायक्लोरामाइन नाही! ते साचत राहतं.

दुसरी चूक म्हणजे एक्झॉस्ट छताला लावणं. ट्रायक्लोरामाइन हवेपेक्षा जड, पाण्यातून निघालं की पाण्याच्या पृष्ठभागावरच पसरतं. पोहणाऱ्याचं नाक तिथेच, काठावर बसलेल्या शिक्षकाचंही तिथेच. हवा खालून, पाण्याच्या पातळीजवळून ओढून बाहेर टाकली तर फरक पडतो. छतातून ओढली तर चांगली हवा बाहेर जाते आणि वाईट खाली राहते.

तुमच्या हॉलमध्ये एक खूण बघा. दाराची कडी, बिजागऱ्या, टांगलेल्या दिव्यांच्या साखळ्या यांवर तांबूस ठिपके आलेत का? स्टेनलेस स्टील असूनही? हवेत क्लोरीनची संयुगं आहेत याचा तो पुरावा. हा विनोद समजू नका. १९८५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर इथे तलावावरचं काँक्रीटचं छत कोसळलं आणि १२ माणसं गेली. छत ज्या स्टेनलेस सळयांवर टांगलं होतं, त्या क्लोराइडमुळे आतून तडकल्या होत्या. वरून बघताना सगळं ठीक वाटत होतं.

---

निळी_फरशी

बिजागऱ्या बघून आले. तांबूस आहेत. आता वर बघत ड्युटी करणार का खाली 😐

---

उलटा_सूर

अवांतर, पण राहवत नाही. हे ट्रायक्लोरामाइन, म्हणजे रसायनशास्त्रातलं नायट्रोजन ट्रायक्लोराइड, शुद्ध स्वरूपात पिवळसर तेलासारखं असतं आणि जरा धक्का लागला की फुटतं. १८११ मध्ये ड्यूलाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते पहिल्यांदा बनवलं आणि त्यापायी बोटं आणि एक डोळा गमावला. पुढच्याच वर्षी हम्फ्री डेव्ही या इंग्लिश रसायनशास्त्रज्ञाच्या डोळ्याला याच पदार्थाने इजा केली. त्याला लिहायला मदतनीस हवा झाला, आणि फॅरडे नावाच्या एका बुकबाइंडरच्या उमेदवाराचं नशीब उघडलं. विसाव्या शतकात याच वायूने मैदा पांढरा करायचे. तसल्या मैद्याने कुत्र्यांना झटके येतात असं १९४६ मध्ये दिसल्यावर ते थांबलं.

घाबरू नका, पूलमध्ये ते इतकं विरळ असतं की स्फोटबिट काही होत नाही. पण ‘त्यात काय, पूलचा वास’ म्हणणाऱ्यांना ही वंशावळ माहीत असावी.

---

पंपरूम

वा, ही माहिती नव्हती.

वरच्या हवेवर बरंच बोलून झालं, आता जरा खाली या. खोकला वर्षानुवर्षं पोखरतो, पण प्लांट रूममध्ये पाच सेकंदांत खेळ होऊ शकतो.

माझीच गोष्ट. डोसिंगचे, म्हणजे पाण्यात रसायन सोडणारे दोन पंप, एक हायपोचा (पातळ क्लोरीन, सोडियम हायपोक्लोराइट), एक ॲसिडचा. दोन्ही मुख्य पाइपमध्ये टाकतात आणि फिरतं पाणी ते वाहून नेतं. एके दिवशी मुख्य पंप ट्रिप झाला. डोसिंग पंप मात्र चालूच, कारण त्यांचं कनेक्शन वेगळं घेतलं होतं. पाणी थांबलेलं, आणि त्या स्थिर पाइपात हायपो आणि ॲसिड ठिबकत राहिलं, एकमेकांत मिसळत राहिलं. हायपो आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, हा खराखुरा, पहिल्या महायुद्धात खंदकात सोडला होता तो. वीस मिनिटांनी मी येऊन मुख्य पंप चालू केला. साचलेलं सगळं एका दमात तलावाच्या इनलेटमधून बुडबुड्यांसारखं बाहेर आलं. पाण्यात तेव्हा कुणी नव्हतं, बॅच सुटली होती. मी आणि एक सफाईवाले दादा, दोघेच. दादांना ठसका लागला, दोघे बाहेर पळालो. मला वाटलं सुटलो. रात्री धाप लागली म्हणून हॉस्पिटल गाठलं, दोन दिवस ऑक्सिजनवर होतो.

त्यानंतर मी तीन गोष्टींवर अडून बसतो. मुख्य पंप बंद तर डोसिंग आपोआप बंद, असं इंटरलॉक, आणि पाइपात प्रवाह नसेल तर डोसिंग अडवणारा फ्लो स्विच. दोन्ही हवेत, एकावर भरवसा नाही. पंप बराच वेळ बंद राहिला तर आधी पाण्यातून सगळ्यांना बाहेर काढायचं, मगच चालू करायचा. आणि ॲसिड एका खोलीत, हायपो दुसऱ्या. कॅन बाजूबाजूला ठेवले की एक दिवस कुणीतरी चुकीच्या टाकीत ओततोच. दोन्ही कॅन निळे, लेबल भिजून गेलेलं, पहाटेची वेळ.

---

छातीठोक

पंपरूम यांच्या हकीकतीतला ‘रात्री धाप लागली’ हा भाग पुन्हा वाचा. क्लोरीन हुंगल्यावर माणूस तासाभरात बरा वाटू शकतो आणि काही तासांनी फुप्फुसांत पाणी साचू शकतं. म्हणून ठसका लागला, श्वास अडला, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी झोपायला जायचं नाही. मोकळ्या हवेत जा, डोळे वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवा, भिजलेले कपडे काढा आणि दवाखान्यात लक्षाखाली राहा. दुसऱ्याला काढायला मास्क नसताना आत शिरू नका, नाहीतर एकाचे दोन होतात.

कापडी किंवा सर्जिकल मास्कने वायू अडत नाही. ओला रुमालही नाही.

---

पंपरूम

मास्कवरून आठवलं. आमच्याकडे कार्ट्रिजवाला (वायू गाळणारी डबी लावलेला) मास्क होता, पण टांगून ठेवला होता त्याच क्लोरीनच्या खोलीत, पिशवी उघडी. गळती झाली तर मास्क आणायला गळतीतच जायचं! शिवाय उघड्या कार्ट्रिजची ताकद हळूहळू संपते. मास्क दाराबाहेर, बंद पिशवीत. युरोपियन पद्धतीत करड्या पट्ट्याचं, बी प्रकारचं कार्ट्रिज क्लोरीनसारख्या वायूंसाठी असतं. पण तेही फक्त पळून बाहेर यायला किंवा बारीकसारीक कामाला. मोठी गळती असेल तर अग्निशमन दलाची माणसं.

आणि पावडरवाले मित्रहो. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि टीसीसीएच्या (हाही क्लोरीन देणारा, पण वेगळा पदार्थ) गोळ्या, दोन्ही ‘क्लोरीनच’ म्हणून एकाच डब्यात, एकाच मगने काढू नका. त्यांची एकमेकांशी गाठ पडली आणि त्यात ओल लागली तर आग किंवा स्फोट होतो. काढायचा मगही वेगळा, डबाही वेगळा. पावडर पाण्यात टाकायची, पावडरीवर पाणी कधीच नाही.

---

जुना_गडी

आम्ही बादलीत पावडर घेऊन वरून नळ सोडायचो...

---

पंपरूम

आणि काही झालं नाही, माहितीये काका 🙏

---

तालमीतली_मासोळी

इतकं सगळं वाचलं, सगळे काठावरचे आणि तळघरातले. पाण्यातल्यांचं कुणी बोलेल का? मी पोहायला शिकवते, दिवसाला पाच तास छातीभर पाण्यात.

त्वचा कोरडी पडून नडग्यांना भेगा. पायांच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या, त्या कधी पुरत्या जातच नाहीत, कारण पाय कधी कोरडेच नसतात. कान वर्षातून दोनदा तरी ठणकतात. मी आधी कापसाचे बोळे आणि इअरबड वापरायचे. ईएनटीवाल्या मॅडमनी सांगितलं, बडने कानातलं मेण निघतं आणि तेच तर संरक्षण आहे. आता डोकं कलतं करून पाणी गाळते, टॉवेलच्या टोकाने बाहेरून टिपते, बस्स.

सगळ्यांत जास्त गेलाय तो आवाज. फरशा, काच, पाणी, सगळीकडून घुमतं. वीस पोरं किंचाळतायत, शेजारी दुसरी बॅच, आणि त्यावर मी ओरडणार ‘पाय सरळ!’ आवाज बसतो, आठवडाभर घोगरा राहतो. त्यात ती हवा घशाला लागलेली. शाळेतल्या शिक्षकांच्या आवाजाबद्दल बोलतात, आमच्याबद्दल कुणी नाही. मी आता खुणांनी शिकवते. मुलांना पहिल्या दिवशी आठ खुणा पाठ करायला लावते. आधी हसतात, मग त्यांनाच आवडतं. तेवढ्याने निम्मं ओरडणं कमी झालं.

---

निळी_फरशी

@मासोळी आठ खुणा इथे लिहा ना प्लीज. आमच्याकडे शिट्टीने मुलं अजूनच ओरडतात.

---

तालमीतली_मासोळी

वेगळा धागा काढते, इथे अवांतर होईल.

---

वाराशोध

एक राहिलं. ज्यांच्याकडे कारंजी, धबधबे, पाण्याच्या तोफा असली खेळणी आहेत त्यांनी जास्त लक्ष द्या. पाणी जितकं उडेल, फुटेल, तितकं ट्रायक्लोरामाइन लवकर बाहेर पडतं आणि बारीक तुषार हवेत तरंगतात. त्या तुषारांवर जंतू आणि जंतूंची मोडकी टरफलं बसलेली असतात.

---

छातीठोक

बरोबर. अमेरिकेतल्या एका बंदिस्त तलावावर असे तुषार उडवणारे धबधबे होते. तिथल्या ३३ जीवरक्षकांना दोन लाटांमध्ये फुप्फुसांचा दाह झाला. १९९८ मध्ये ते प्रसिद्ध झालं तेव्हा त्याला नावच ‘लाइफगार्ड लंग’ पडलं. तो दमा नव्हे, वेगळा आजार. खोकला, छाती भरून येणं, ताप. खेळणी चालू असताना हवेत जिवाणूंच्या आवरणातलं एंडोटॉक्सिन वाढायचं.

गरम पाण्याच्या टबांजवळ आणि शॉवरच्या पाइपांत लिजिओनेला या फुप्फुसांना बाधणाऱ्या जिवाणूचाही विचार करावा. कोमट, साठलेलं पाणी त्याला आवडतं, साधारण २५ ते ४५ अंश. बरेच दिवस बंद असलेला शॉवर पहिल्यांदा सोडताना तोंड त्याच्यासमोर धरू नका.

---

काठावरची

मी आज पोहण्याआधी पूर्ण अंघोळ केली. तिथे मी एकटीच होते, बाकी सगळे माझ्याकडे बघत होते.

जीवरक्षकांबद्दल एक विचारू? ते तासन् तास एकाच खुर्चीवर बसलेले असतात. त्या उकाड्यात झोप नाही येत?

---

शिट्टीवाला

@काठावरची, येते. पाणी २८-२९ अंश, हवा त्याहून गरम आणि दमट, समोर चमकणारं पाणी. अर्ध्या तासानंतर डोळे उघडे असतात पण दिसत काही नाही. म्हणून वीस-तीस मिनिटांनी जागा बदलायची, दुसऱ्या कामाला लागायचं असा नियम हवा. आमच्याकडे कागदावर आहे. माणसं कमी असली की एकच जण दीड तास बसतो. पाणी प्यायलाही उठत नाही, कारण उठलो आणि तेवढ्यात काही झालं तर?

एकदा झालं होतं. मुलगा वाचला. त्यानंतर महिनाभर मला पाण्याच्या तळाशी सावल्या दिसायच्या. त्यावर इथे लिहायचं नव्हतं, विषय निघाला म्हणून.

---

छातीठोक

तेही डॉक्टरला सांगा. खोकल्याइतकंच ते सांगण्यासारखं आहे.

---

शिट्टीवाला

(चार आठवड्यांनंतर)

धागा वर काढतोय, उत्तर द्यायचं कबूल केलं नव्हतं पण राहवलं नाही.

पीक फ्लोची वही भरली. सुट्टीच्या दिवशी सकाळी ५२०-५३०. सलग चार दिवस कामावर राहिलो की चौथ्या संध्याकाळी ४१०. डॉक्टरनी वही बघितली, आलेख काढला, आणि पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं, ‘तिथली हवा कशी आहे?’ पुढच्या चाचण्या चालू आहेत. दम्याचं औषध सुरू केलंय आणि तोपर्यंत पूलच्या हॉलपासून लांब राहायला लेखी सांगितलंय. जितकं लवकर लांब व्हाल तितकं पूर्ण बरं होण्याची शक्यता जास्त, असं म्हणाले. मी सध्या गेटवर पास तपासतो. पगार तोच, पण शिकवण्याचा भत्ता गेला. तोही हिशेब आहेच.

मॅनेजरना वही दाखवली. आधी म्हणाले, पाणी तर ओके आहे. मग पंपरूम यांनी लिहिलं होतं तसं मी डीपीडीच्या दोन्ही गोळ्यांनी त्यांच्यासमोर मोजलं. मुक्त १.४, एकूण २.६. बांधलेला १.२. ते गप्प झाले. मग वाराशोध यांचं ऐकून आम्ही दोघे एएचयूच्या (हॉलला हवा पुरवणारं यंत्र) खोलीत गेलो. ताज्या हवेचा डँपर तारेने बांधून बंद करून ठेवला होता, आणि तारेवर गंज. कुणी बांधला, कधी बांधला, कुणाला माहीत नाही.

तार कापली. रोज थोडं पाणी काढून नवीन भरायला सुरुवात केलीय. काल संध्याकाळी निळी_फरशीसारखीच आमच्याकडची एक नवीन मुलगी म्हणाली, आज डोळे कमी झोंबतात.

पंपरूमदादा, एक प्रश्न. मॅनेजर म्हणतात, एकदाच भरपूर क्लोरीन मारून सगळं क्लोरामाइन जाळून टाकू. करू द्यावं का?

---

पंपरूम

आधी शाब्बास!

सुपरक्लोरिनेशन करायचं तर हॉल रिकामा, सगळे दरवाजे आणि डँपर उघडे, एक्झॉस्ट पूर्ण जोरात, आणि मुक्त क्लोरीन पुन्हा खाली आल्याशिवाय कुणी पाण्यात नाही. तुम्ही तर अजिबात नाही. पण बंदिस्त जागेत मी त्यावर फार भिस्त ठेवत नाही, कारण युरिया हळूहळू जळतो आणि जळताना ट्रायक्लोरामाइनच हवेत सोडतो. ब्रिटन-जर्मनीकडे हिशेब असतो, दर पोहणाऱ्यामागे रोज ३० लिटर नवीन पाणी. तुमची रोजची पोहणाऱ्यांची संख्या काढा, ३० ने गुणा, आणि मॅनेजरना विचारा, आपण एवढं बदलतो का? पुढे परवडत असेल तर यूव्ही (अतिनील दिवे) बसवतात, त्याने क्लोरामाइन कमी होतं. शॉवरची पाटी मात्र फुकट आहे.

आणि त्या डँपरच्या दांड्यावर तेलरंगाने एक रेघ मारून ठेवा, आत्ता उघडा आहे तिथे. उद्या कुणी हलवला तर दिसेल.

---

शिट्टीवाला

मारली. लाल रंगाने. खाली तारीखही लिहिलीय.